काहून विचारणाऱ्या ताई

मेडशी, २२ सप्टेंबर २०२४

दादा,

हेमसिंग परवा फाट्यावर भेटला. मला पाहून आधी त्यानं मोबाइल कानाला लावला, पण बस काही येईना, तेव्हा बोलावंच लागलं. पुण्यात तुझ्यासोबत एका खोलीत राहिलेला माणूस तुझ्याबद्दल इतकं कमी कसं बोलू शकतो, मला कळत नाही. शेवटी म्हणाला, "हैदराबादले हाये. कुरिअरच्या गोदामात काम करते. बरा हाये." पत्ता मागितला तर तुझ्या दोन अटी सांगितल्या. कोणी तिकडे जायचं नाही आणि फोन नंबर मागायचा नाही. "पत्र टाक. पत्राले तो नाई म्हनला नाई."

म्हणून हे पत्र. तुझ्याशी बोलते तसंच लिहायला बसले होते, पण हातात पेन आलं की आपोआप शाळेतलं मराठी येतं. तू आपलं घरच्या आवाजात वाच.

बातमी अशी की मला नोकरी लागली. कारंज्याला. सॉफ्टवेअरचीच. जुन्या कापूस बाजाराच्या गल्लीत बॅटरीच्या दुकानावर एक ऑफिस आहे, पाच टेबलं आणि एक कूलर. ज्योत्स्ना मॅडम म्हणून आहेत, त्यांचं आहे ते. पुण्यात मोठ्या कंपनीत कित्येक वर्षं होत्या, आईच्या दुखण्यासाठी परत आल्या आणि इथंच राहिल्या. छोटे दवाखाने, लॅब, शाळा यांची कामं करतात. आम्ही तिघं आणि त्या.

मुलाखतीला मी पाठ करून गेले होते सगळं. त्यांनी त्यातलं काहीच विचारलं नाही. म्हणाल्या, "तू केलेलं अन् फसलेलं असं काही हाये का?" मी आपल्या बसच्या ॲपचं सांगितलं, तू बारावीनंतरच्या उन्हाळ्यात माझ्याकडून करून घेतलंस ते. त्या म्हणाल्या, "काहून फसलं?" मी म्हटलं, "ॲप बरोबर होतं मॅडम, बसच वेळेवर येत नव्हती." त्या इतक्या हसल्या की खालून बॅटरीवाला पाहायला आला. दुसऱ्या दिवशी फोन आला की पहिल्या तारखेपासून ये.

कारंज्यात एका मावशींकडे खोली घेतली आहे. रविवारी घरी येते. आई बरी आहे. बाबांचं काय लिहू, बरेच आहेत. सोयाबीन सोंगायला आलं आहे. तू हैदराबादला आहेस आणि कोणी तिकडे येऊ नये म्हणतोस, एवढंच मी घरी सांगितलं, पत्ता कोणाला दिला नाही.

उत्तर पाठव असं मी म्हणत नाही. वाचलंस तरी चालेल.

तुझी
निकी


कारंजा, २० ऑक्टोबर २०२४

दादा,

मॅडमना आता ताई म्हणते. त्यांनीच सांगितलं. "मॅडम म्हटलं की मले वाटते कोनी सही मागून राह्यलं."

पहिले काही दिवस त्यांनी मला एक ओळही लिहू दिली नाही. एका शाळेच्या हजेरीचं जुनं सॉफ्टवेअर समोर ठेवलं आणि म्हणाल्या, हे वाच आणि संध्याकाळी मला मराठीत सांग की हे काय करते. मला वाटलं, सोपं आहे. संध्याकाळी सांगायला लागले तर तिसऱ्याच वाक्याला अडकले. ताई म्हणाल्या, "कॉम्प्युटरले समजलं हे. तुले कुठपर्यंत समजलं ते सांग, तिथून पुढे आपण दोघी पाहू." मग खरंच दोघींनी पाहिलं. चहा आला, थंड झाला.

मी अडकले की त्या खुर्ची ओढून शेजारी बसतात, पण कीबोर्डला हात लावत नाहीत. दोन्ही हात पदराखाली घेतात. पहिल्यांदा मला वाटलं, थंडी वाजते का यांना, ऑक्टोबरच्या उकाड्यात. विचारलं तर म्हणाल्या, "माझा हात सुटला तर तुझं काम मीच करून टाकीन. मग तुझ्याजवळ काय राहीन?"

आणि एकदा तर मी विचारलेलं त्यांनाही आलं नाही. "मले नाही येत हे," असं सरळ म्हणाल्या, चष्मा लावला आणि माझ्यासमोर शोधत बसल्या. आधी चुकीचंच सापडलं. ते करून पाहिलं, चाललं नाही, परत शोधलं. एवढ्या मोठ्या बाईला एखादी गोष्ट येत नाही आणि तिला त्याचं काही वाटत नाही, हे मी पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिलं.

पण तुला सांगायचं होतं ते वेगळंच. मी केलेलं पहिलं काम त्यांनी तपासलं. एका जागी बोट ठेवून म्हणाल्या, "हे असं काहून केलं?" माझे कान तापले. मी तो सगळा तुकडा निवडला आणि पुसून टाकला. ताई पाहतच राहिल्या.

"पुसलं काहून?"

"चुकलं होतं न."

"मी चुकलं म्हटलं का? मी काहून म्हटलं. मले समजलं नव्हतं म्हणून विचारलं. मले तर ते थोडं आवडलंही होतं."

मी तो तुकडा परत आणला आणि का केलं ते सांगितलं. त्यातलं अर्धं बरोबर निघालं, अर्धं नाही. अर्ध्याचं काय करायचं ते आम्ही ठरवलं. बस, एवढंच झालं. खोलीवर येऊन मी त्या एका शब्दाचाच विचार करत बसले. कोणी काहून म्हटलं की आपण आधीच मान खाली का घालतो?

हेमसिंगनं फाट्यावर आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती मी मागच्या पत्रात लिहिली नाही. तुझ्या कंपनीत तुझी एक चूक मोठ्या पडद्यावर लावली होती. सगळ्या टीमसमोर तुलाच उभं करून ती वाचायला लावली आणि "हे असं का केलं, सांग सगळ्यांना" असं विचारत राहिले. लोक हसले. त्यानंतर तू कोणाला काही विचारणंच बंद केलंस, खोलीवरही बोलेनास, आणि काही महिन्यांनी काढायच्या लोकांत तुझं नाव आलं. घरी तू एवढंच म्हणाला होतास की कंपनीनं माणसं कमी केली.

मला सांगायला हवं होतंस असं मी म्हणणार नाही. मला फक्त आठवतं की मला शिकवताना तू माझ्या प्रत्येक काहूनचं उत्तर द्यायचास. भाकर खाता खातासुद्धा.

निकी


मेडशी, ३ नोव्हेंबर २०२४, भाऊबीज

दादा,

आज लहान पत्र.

संध्याकाळी आईनं ताट तयार केलं आणि म्हणाली, "चंद्राले ओवाळून घे." ज्यांना भाऊ नसतो त्या चंद्राला ओवाळतात. मी म्हटलं, "भाऊ हाये मले." आणि घरात येऊन बसले. बाबा ओसरीवर होते, त्यांनी ऐकलं. मागच्या दिवाळीत पाहुण्यांसमोर ते तुला जे बोलले, "इतकं शिकून घरीच बसाचं होतं तं वावर काय वाईट होतं," ते वाक्य या घरात त्यानंतर कोणीच उच्चारलेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तुझं अंथरूण घडी घातलेलं होतं आणि तू नव्हतास. तेव्हापासून पाहुणे आले की बाबा कोणाच्याच पोराची चौकशी करत नाहीत.

नंतर चुलीशी आई मला हळू आवाजात म्हणाली, "लिहितं न तू त्याले?"

मी म्हटलं, "कोणं सांगतलं?"

"पोस्टातल्या बाईनं. हैदराबादचा पिनकोड इचारत होती म्हने तू." मग थोडा वेळ पीठ मळत राहिली. "तुह्ये बाबा दसऱ्याच्या आधी वाशीमले गेल्ते. मले म्हने बँकेत काम हाये. स्टेशनवर जाऊन हैदराबादचं तिकीट काढलं त्याईनं. गाडी आली, उभी राह्यली, गेली. हे वापस."

"पत्ता नव्हता त्यांच्याजवळ."

"तेच म्या म्हटलं. एवढ्या मोठ्या गावात कुठी पाह्यलं असतं तुमी. तं म्हने, पत्त्याचं नाई. कोनी येऊ नये म्हनते न तो."

आईनं मला हे तुला लिही असं सांगितलं नाही. लिहू नको असंही नाही.

निकी


कारंजा, १९ जानेवारी २०२५

दादा,

हे पत्र मोठं होणार आहे. शुक्रवारी रात्री मी राजीनामा लिहून ठेवला होता. अजून ऑफिसच्या पिशवीत आहे. काय झालं ते सुरुवातीपासून सांगते, म्हणजे तुला नीट कळेल.

कारंज्यातल्या एका छोट्या दवाखान्याच्या लॅबचं काम आमच्याकडे आहे. डिसेंबरात तिथल्या काउंटरवरच्या बाई म्हणाल्या की खेड्यातली माणसं पावती हरवतात, नंबर सांगता येत नाही, मग रिपोर्ट शोधता शोधता काउंटरच्या दोन्ही खिडक्यांवर रांग लागते. नाव आणि गाव टाकलं की रिपोर्ट उघडेल असं करून द्या. मी करून दिलं. ताईंनी पाहिलं, चालवून पाहिलं, ठीक आहे म्हणाल्या. काउंटरवरच्या बाईंनी मला फोन करून शाबासकी दिली. मी आईलासुद्धा सांगितलं होतं.

संक्रांतीच्या आधी एकाच दिवशी कामरगावच्या दोन बाया रक्त द्यायला आल्या. दोघींचं नाव रुखमाबाई. आडनाव दोघींचंही लिहून घेतलेलं नव्हतं. एकीची साखर खूप वाढलेली, दुसरीची अगदी नीट. रिपोर्ट उलटे गेले. जिला काहीच नव्हतं तिनं साखर कमी करायच्या गोळ्या सुरू केल्या.

शुक्रवारी सकाळी दवाखान्यातून फोन आला. त्या गोळ्या घेणाऱ्या रुखमाबाईंना घाम फुटून चक्कर आली होती, घरच्यांनी साखरपाणी पाजून दवाखान्यात आणलं तेव्हा सगळं उघडकीला आलं. त्या आता बऱ्या होत्या. ताईंनी फोन स्पीकरवर ठेवला होता, म्हणून मी ऐकलं. ताईंनी एकच प्रश्न विचारला: "दुसरी बाई कुठाय?"

मी वाट पाहत होते की आता त्या विचारतील, हे कोणी केलं. त्यांनी ते विचारलंच नाही.

साखर वाढलेल्या दुसरीचा फोन लागत नव्हता. ताईंनी चप्पल घातली आणि म्हणाल्या, "चल." जीपमध्ये आम्ही मागच्या बाकावर बसलो, समोर कोंबड्यांचं खुराडं. मी रडत होते आणि ते कोणाला दिसू नये म्हणून बाहेर पाहत होते.

"ताई, डॉक्टरांना मी सांगते. मीच लिहिलं ते."

"तू लिहिलं. मी पाहिलं. मी हो म्हटलं. आता जीपमध्ये वाटे कराचे का आपण?"

"पण मला समजायला पाहिजे होतं."

"हाव, पाहिजे होतं. मलेही पाहिजे होतं. मले तर तुझ्याहून जास्त समजायला पाहिजे, माझे केस पिकले." मग माझा हात त्यांनी आपल्या मांडीवर घेतला आणि कामरगाव येईपर्यंत सोडला नाही. काही समजावलं नाही. खूप वेळानं एवढंच म्हणाल्या की पुण्यात त्यांच्या हातून एकदा एका बँकेचं काम अर्धा दिवस बंद पडलं होतं, आणि त्यांचे साहेब त्यांच्या शेजारी येऊन बसले होते. "नाहीतर मी तेव्हाच घरी आली असती."

कामरगावात किराणा दुकानात विचारलं तर दुकानदार म्हणाला, "कोनती रुखमाबाई? इथं चार हायेत." तिसऱ्या घरी सापडल्या. अंगणात तूर पाखडत होत्या. साठीच्या असतील. ताई त्यांच्यासमोर खालीच बसल्या.

"माय, तुमचा रिपोर्ट चुकीचा गेला. तुमची साखर वाढली हाये, बरीच. कागदावर नीट हाये असं आलं, ती आमची चूक हाये. तुमाले आत्ताच डॉक्टरकडे न्याले आलो."

रुखमाबाईंनी सूप खाली ठेवलं. "म्या म्हटलंच. एवढी तहान लागते अन् रिपोर्ट चांगला कसा. पन चांगला म्हटलं तं म्या संक्रांतीले गुळाच्या पोया खाल्ल्या न बाई. कधी नाई तं तीन खाल्ल्या." मग आम्हा दोघींकडे पाहिलं. "चूक कोनाची झाली म्हनता?"

आम्ही दोघी एकदमच म्हणालो, "माझी."

त्या हसायला लागल्या. "घ्या. दोघी भांडून ठरवा, तवर म्या लुगडं बदलते."

त्यांच्या पायाला एक जखम होती, भरत नव्हती. हळद लावत होत्या. डॉक्टर म्हणाले, आणखी पंधरा दिवस गेले असते तर बोट गेलं असतं. बोट आता वाचलं आहे, औषध सुरू आहे. पण त्या वेळी डॉक्टर खूप चिडले होते, आणि त्यांचं बरोबरच होतं.

"कोणी केलं हे?" ते म्हणाले.

ताई म्हणाल्या, "आम्ही."

"आम्ही म्हणजे कोण? नाव सांगा."

"ऑफिसवर माझ्या नावाची पाटी हाये, डॉक्टर. माझं नाव घ्या."

मी त्यांच्या मागेच उभी होते. मला तुझा तो पडदा दिसत होता, मी कधी न पाहिलेला.

रात्री राजीनामा लिहिला. काल सकाळी ताईंच्या टेबलावर ठेवायला गेले. त्यांनी वाचला, घडी घालून माझ्याच हातात दिला. "सोमवारी दे, द्यायचाच असेल तर. आज मले तुझं काम हाये. हे दुरुस्त करणारं माणूस तूच हायेस, तुलेच माहीत हाये ते कुठं फसलं." मग दिवसभर आम्ही बसलो. नाव-गाव काढून टाकलं. आता प्रत्येक पेशंटला नवा नंबर मिळेल, तो हातावर चिकटपट्टीनंही देता येईल, आणि नंबराशिवाय रिपोर्ट उघडणारच नाही. ताईंचे हात पदराखालीच होते. मी चुकत चुकत केलं, पण केलं.

सोमवारी मी तो कागद देणार नाही.

दादा, मी दोन दिवस एकच विचार करते आहे. त्या दिवशी ऑफिसात दुसरं कोणी असतं तर मी आज मेडशीला तुझ्या खोलीत दार लावून बसले असते, आणि मला वाटलं असतं की मला येतच नाही. तुझ्या शेजारी त्या दिवशी कोणी बसलं नाही. एवढाच फरक आहे आपल्या दोघांत. तुला येत नव्हतं, असं नाही.

नंबर देणारा तुकडा छापून सोबत ठेवते आहे. फक्त एक पान आहे. वेळ झाला तर पाहा. आईनं तिळाचे लाडू दिले होते, पण पाकिटात मावत नाहीत.

निकी


कारंजा, १६ फेब्रुवारी २०२५

दादा,

तुझं पाकीट आलं. मावशींनी दारातच दिलं, मी जिन्यावरच फोडलं. आत माझंच पान. पत्र नाही, नमस्कार नाही, सही नाही. कडेला पेन्सिलनं तुझं अक्षर, ते मी कुठंही ओळखीन: "दोन खिडक्यांवर एकाच क्षणी बटण दाबलं तर दोघांना एकच नंबर जाईल." आणि खाली चार ओळींत काय करावं ते.

मी तशीच ऑफिसला गेले. ताईंनी पान वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. "बरोबर हाये हे. आपल्या दोघींच्याही नजरेतून सुटलं." मग म्हणाल्या, "कोण हाये हा?"

"माझा दादा."

"काय करते?"

मी म्हटलं, "सध्या गोदामात आहे हैदराबादेत." आणि मग सगळंच सांगितलं. पडद्याचं पण. तुला न विचारता सांगितलं, रागावशील तर रागाव. ऐकून झाल्यावर ताईंनी तुझं पान पुढे ओढलं आणि खाली स्वतःच्या हातानं दोन ओळी लिहिल्या. तेच पान परत पाठवते आहे. ताईंचं अक्षर किरटं आहे म्हणून इथं पुन्हा लिहिते:

"नंबर आधीच राखून ठेवायचा म्हणता, ते छान आहे. पण माणूस फॉर्म उघडून तसाच निघून गेला तर त्या नंबराचं काय? आणि हा मार्ग काहून निवडला, ते मला समजून घ्यायचं आहे. ज्योत्स्ना."

दादा, त्या खरंच समजून घ्यायलाच विचारतात. एवढं लक्षात ठेव आणि मग वाच.

निकी


कारंजा, २३ मार्च २०२५

दादा,

तुझं आणि ताईंचं जे चाललं आहे त्यात आता मला जागाच राहिलेली नाही. पोस्टमन मावशींना म्हणाला की या पोरीचं लग्न जमलं वाटतं, हैदराबादहून पाकिटांवर पाकिटं येऊन राह्यली. मागच्या पाकिटात तू लिहिलंस, "ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं, माझं चुकलं, असं केलं तर कसं?" ताईंनी ते वाक्य मला बोलावून दाखवलं. त्यांना वाटलं मी नंबराबद्दल काही म्हणेन. मी पाणी प्यायला बाहेर गेले. तू चुकलं असं लिहिलंस आणि पुढच्याच ओळीत दुसरा उपाय लिहिलास. मधे एक दिवससुद्धा गेला नाही.

दुरुस्ती दोन आठवड्यांपासून चालू आहे. दोन्ही खिडक्यांवर. रुखमाबाई परवा तपासणीला आल्या होत्या, नंबराची चिठ्ठी पदराला पिनेनं लावून.

आणि आता तू येतो म्हणून लिहिलं आहेस. सोमवारी, एकतीसला, पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी. कूलरजवळचं टेबल मी पुसून ठेवलं आहे, पण कूलरचं पाणी उडतं, मॉनिटर थोडा सरकवावा लागेल. ताईंनी सांगितलं आहे की आधी एक महिना बसून पाहा, दोघांनाही पटलं तर पुढचं बोलू. खोलीचं मावशींच्या दिरांकडे जमतं आहे.

तू लिहिलंस, कारंज्याला येतो, घरी इतक्यात नाही, बाबांना सांगू नकोस. मी सांगितलं नाही. आईलाही नाही. पण एक गोष्ट झाली आहे आणि ती तुला येण्याआधी माहीत असावी, म्हणून हे पत्र लगेच टाकते आहे.

शुक्रवारी बाबा बाजार समितीत हरभरा आणि राहिलेली तूर घेऊन आले होते. माप झाल्यावर ऑफिसला आले, पहिल्यांदाच. जिन्यात चपला काढून ठेवल्या. मी म्हटलं, बाबा, इथं घालून येतात, तरी काढल्याच. ताईंनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला. बाबा टोपी गुडघ्यावर ठेवून सगळीकडे पाहत होते. तुझं ते रिकामं टेबल त्यांनी पाहिलं आणि विचारलं, "आनखी कोनी घेऊन राह्यल्या का कामाले?"

मी ताईंना सांगायला विसरले होते की घरी माहीत नाही. ताई अगदी आनंदानं म्हणाल्या, "अहो, तुमचा हरीओमच येऊन राह्यला न. एकतीसला. हुशार हाये तुमचा मुलगा. आम्हा दोघींना जे दिसलं नाही ते त्यानं एका पानावर दाखवलं."

बाबांनी कप बशीत ठेवला. माझ्याकडे पाहिलं नाही. ताईंना विचारलं, "त्याले जमते का हे काम?"

"जमते."

"मंग तिकडे काहून नाई जमलं?"

ताई म्हणाल्या, "तिकडे त्याले कोणी शिकवलं नाही, दादासाहेब. नुसतं तपासलं."

बाबांनी टोपी डोक्यावर घातली. मग उठले, ताईंना नमस्कार केला. दोन्ही हात जोडून, वाकून, जसा ते कोणाला करत नाहीत.

मी बसस्टँडपर्यंत सोडायला गेले. मालेगावची बस लागली तेव्हा पायरीवर एक पाय ठेवून थांबले. मागचा माणूस चला चला म्हणत होता.

"निके, त्याले घरी ये असं म्हनजो नको," ते म्हणाले. "त्याच्या मनानं येईन तं येईन. मी कारंज्याले बाजारले येत असतोच. तवा ऑफिसच्या खाली उभा राहीन जराक. त्याले वाटलं तं येईन खाली. नाई वाटलं तं काई नाई."

बस गेली. मी परत येताना जिन्यापाशी आले तेव्हा ते माझ्या लक्षात आलं. दादा, आपली तूर त्याच दिवशी संपली. हरभराही सगळा विकून झाला. पुढचं सोयाबीन निघेपर्यंत घरात बाजाराला न्यावं असं काहीच नाही.

निकी